‘मी ब्रेकच दाबत होतो’

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लचची गाडी चालवू नका म्हणून बजावलं, आणि मोठ्या मामांनी वयाच्या ६८व्या वर्षी ऑटोमॅटिक गाडी घेतली. त्याआधीची ३६ वर्षं त्यांनी क्लचच्याच गाड्या चालवल्या. कसारा आणि खंबाटकी किती वेळा चढले-उतरले याची गणती नाही, आणि कुणाच्या गाडीला कधी ओरखडाही काढला नाही. नव्या गाडीच्या तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढताना तिने एकदम झेप घेतली आणि समोरच्या मीटररूमच्या भिंतीवर जाऊन आदळली. वॉचमन रोज जिथे बसतो ती प्लास्टिकची खुर्ची भिंत आणि बंपरच्या मध्ये चेपली गेली. वॉचमन त्याच मिनिटाला पाण्याचा पंप बंद करायला उठला होता.

मी खाली पोचलो तेव्हा मामा गाडीला टेकून उभे होते, हात थरथरत होते. “मी ब्रेकच दाबत होतो रे. जीव खाऊन दाबला, तरी गाडी थांबेना.” हेच वाक्य त्यांनी पोलिसांना सांगितलं, मामीला सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी चार दिवस गाडी ठेवून घेतली आणि निरोप दिला, “ब्रेक एकदम ओके आहेत. काकांचा पाय चुकला असणार, ऑटोमॅटिकला सुरुवातीला होतं असं.” बिलावर तेवढीच एक ओळ होती. त्या दिवसापासून मामांनी गाडीला हात लावलेला नाही. भाजी आणायलाही रिक्षाने जातात.

मला स्वतःला काय वाटतं ते आधीच सांगतो. मामांचा पाय त्या वेळी ब्रेकवर नव्हता, रेसवर होता, असंच मला वाटतं. आणि मामा खोटं बोलत नाहीत, याचीही मला तितकीच खात्री आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे लक्षात न घेतल्यामुळे गाडी अचानक सुटण्याच्या वादात जगभर ४० वर्षं माणसं भरडली गेली आहेत. पाय चुकला, हे बहुतेक प्रकरणांत खरंच असतं. पण पाय चुकला म्हणजे दोष त्या माणसाचा, हे दुसरं विधान आहे आणि ते वेगळं सिद्ध करावं लागतं. आपण दोन्ही एका दमात म्हणून मोकळे होतो.

अमेरिकेत १९८०च्या दशकात ऑडी ५००० या गाडीबद्दल अशा तक्रारींचा पाऊस पडला. माणसं गाडी सुरू करायची, गिअर पार्कमधून ड्राइव्हला किंवा रिव्हर्सला टाकायची आणि गाडी सुसाट सुटायची. एका आईचा सहा वर्षांचा मुलगा गॅरेजचं दार उघडायला उतरला होता. गाडी त्याच्यावर गेली. आई सांगत होती, माझा पाय ब्रेकवर होता. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या एका गाजलेल्या वृत्तकार्यक्रमात हा विषय आला आणि त्यात ॲक्सिलरेटरचं पेडल आपोआप खाली जाताना दाखवलं गेलं. पुढे उघड झालं की त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून दाबाची हवा सोडली होती. प्रेक्षकांना याची कल्पना दिलेली नव्हती. १९८५ मध्ये अमेरिकेत सुमारे ७४ हजार गाड्या विकणाऱ्या ऑडीची विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी करून १९८९ मध्ये अहवाल दिला. इंजिन पूर्ण जोरात असतानाही ठणठणीत ब्रेक गाडीला रोखू शकतात, अपघातानंतर तपासलेले ब्रेक ठीक होते, आणि गाडी आपोआप पूर्ण वेग घेईल असा बिघाड सापडत नाही. म्हणजे चालकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता. ही बातमी ‘ऑडी निर्दोष, चालक दोषी’ अशा थाटात पसरली आणि आजही तशीच सांगितली जाते. पण त्याच चौकशीतला दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. या गाडीत दोन पेडलांची रचना अशी होती की पाय चुकण्याला वाव मिळत होता. शिवाय इंजिनाचा उभ्या-उभ्याचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेत खोट होती, त्यामुळे गाडी मधूनच थोडी हिसका द्यायची. हिसका बसला की माणूस दचकतो आणि ब्रेककडे धाव घेतो. त्या घाईतल्या पावलाला अरुंद जागेत नेमका ब्रेक सापडायला हवा होता. तो काही जणांना सापडला नाही.

पाय चुकतो म्हणजे नेमकं काय होतं? हालचालींच्या अभ्यासातले नावाजलेले संशोधक रिचर्ड श्मिट यांनी १९८९ मध्येच याची उकल मांडली होती. मेंदू पायाला ‘ब्रेकवर जा’ असा हुकूम देतो. स्नायू तो पाळतात, पण दर वेळी अगदी हुबेहूब नाही, थोड्या फरकाने. मान मागे वळलेली असेल, कंबर पिळलेली असेल, माणूस नुकताच सीटवर बसला असेल, तर फरक जास्त पडतो. आणि मेंदूच्या लेखी जो हुकूम दिला तोच अमलात आला. पाय खरोखर कुठे पडला हे डोळ्यांनी पाहायला कुणी वाकत नाही. म्हणून माणूस शपथेवर सांगतो की मी ब्रेक दाबत होतो. त्याच्यापुरतं ते सत्यच असतं.

पेटी वाजवणाऱ्याचं बोट शेजारच्या पट्टीवर पडतं तसंच हे. फरक एवढाच की पेटीवाल्याला बेसूर ऐकू आला की तो बोट उचलतो. गाडीत बेसूर ऐकू येतो तो झेपेच्या रूपात, आणि झेप घेतल्यावर माणूस पाय उचलत नाही, आणखी दाबतो, कारण त्याच्या मनाने तो ब्रेकच आहे. गाडी आणखी पळते, तो आणखी दाबतो. पार्किंगच्या जागेत भिंत यायला दोन-तीन सेकंदं लागतात. तेवढ्यात ‘अरे, हा ब्रेक नाही’ हा विचार यायला जागाच नसते.

अपघातानंतर एका रात्री मी विजेरी घेऊन मामांच्या गाडीत बसून पाहिलं. पेडलांमध्ये माझी अडीच बोटं बसली. ॲक्सिलरेटरचं पेडल ब्रेकपेक्षा थोडं खोल होतं. मग डोळे मिटून, मान डावीकडे पूर्ण मागे वळवून, पायाने ब्रेक शोधायचा असं मी वीसेक वेळा केलं. बहुतेक वेळा पाऊल ब्रेकच्या मधोमध पडलं. दोनदा ते ब्रेकच्या उजव्या कडेवर अर्धं लटकलं. एकदा थेट रेसवर गेलं. इंजिन बंद होतं, कुणाचा हॉर्न वाजत नव्हता, मला कसली घाई नव्हती, तरीही.

क्लचच्या गाडीत एक सोय असते आणि तिची किंमत आपल्याला ती गेल्यावरच कळते. घाबरला की आपल्याकडचा चालक दोन्ही पाय एकदम खाली दाबतो, क्लच आणि ब्रेक. समजा उजवा पाय चुकून रेसवर गेला, तरी डाव्या पायाने क्लच दाबलेला असतो. इंजिन बोंबलतं, पण चाकांपर्यंत जोर जात नाही. ३६ वर्षांत मामांचा उजवा पाय एकदाही चुकला नसेल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. चुकला असेल, आणि डाव्या पायाने सांभाळून घेतलं असेल. ऑटोमॅटिक गाडीत तो डावा पाय बेकार झाला आणि त्याच्याबरोबर ते संरक्षणही गेलं. शोरूममध्ये गाडीला हार घातला, पेढे वाटले, फोटो निघाले, पण ही गोष्ट मामांना कुणी सांगितली नाही.

ऑडीच्या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. कंपनीने १९८७ मध्ये गाड्या परत बोलावून त्यांत एक साधं कुलूप बसवलं. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्कमधून हलणारच नाही, एवढंच त्याचं काम. यानंतर तक्रारी ठळकपणे घटल्या. माणसं बदलली नव्हती. तेच चालक, तेच पाय, तीच घाई. बदललं ते यंत्र. चूक जर केवळ माणसाच्या निष्काळजीपणाची असती, तर एका लोखंडी खिट्टीने ती कमी का व्हावी? तरीही अमेरिकेत सगळ्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप कायद्याने सक्तीचं व्हायला २०१० उजाडलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी गाडी कधी आपोआप सुटतच नाही, पायच चुकतो. तसंही नाही.

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ हायवे पेट्रोलचा एक अधिकारी, त्याची पत्नी, मुलगी आणि मेहुणा टोयोटा कंपनीच्या एका लेक्ससमधून चालले होते. स्वतःची गाडी दुरुस्तीला टाकल्यावर डीलरने ती तात्पुरती वापरायला दिली होती. गाडी सुसाट सुटली. मेहुण्याने पोलिसांना फोन लावला. ब्रेक लागत नाहीत, असं तो सांगत होता. चौघेही गेले. चालवणारा माणूस रस्त्यावरच्या वाहतुकीतच ज्याचं आयुष्य गेलं असा होता, नवशिका नव्हता. तपासात निघालं की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि पेडल तिच्यात अडकून पडलं होतं. त्याआधी तीच गाडी वापरलेल्या एका ग्राहकाने हीच तक्रार डीलरकडे केली होती. अशा वेळी इंजिन पूर्ण जोरात असतं, आणि तसं असताना ब्रेकला जी निर्वाताची (व्हॅक्यूमची) मदत मिळते ती एक-दोनदा ब्रेक सोडून पुन्हा दाबला की संपते. पेडल दगडासारखं होतं. बटणाने सुरू होणारी ती गाडी चालत्या अवस्थेत बंद करायची तर बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं. हे ऐन वेळी कुणाला सुचणार?

टोयोटाने मॅटपायी आणि नंतर चिकटणाऱ्या पेडलपायी लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का, याचा शोध घ्यायला नासाच्या अभियंत्यांना बोलावलं गेलं. फेब्रुवारी २०११ मधल्या त्यांच्या अहवालात तसा दोष सापडला नाही असं म्हटलं आहे. पण सापडला नाही म्हणजे तो असूच शकत नाही असं नव्हे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. तपासलेल्या एका सदोष पेडलमध्ये कथिलाचे केसाइतके बारीक तंतू वाढून शॉर्ट झालेलंही त्यांना आढळलं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ओक्लाहोमातल्या ज्यूरीने टोयोटाच्या २००५ मॉडेलच्या एका कॅमरीच्या अपघातात कंपनीविरुद्ध निकाल दिला. तिथे सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकेल बार यांनी गाडीच्या प्रोग्रॅममधले दोष साक्षीत मांडले होते. आणि मार्च २०१४ मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल, टोयोटाने अमेरिकेच्या न्याय खात्याशी १२० कोटी डॉलरची तडजोड केली.

मिनेसोटातल्या एका माणसाची हकीकत मला विसरता येत नाही. आग्नेय आशियातल्या ह्मोंग समाजातला स्थलांतरित, १९९६ची जुनी कॅमरी, गाडीत गरोदर बायको आणि सगळं कुटुंब. जून २००६ मध्ये सेंट पॉल शहरात हायवेवरून उतरताना त्याची गाडी थांबली नाही आणि समोरच्या गाडीवर आदळली. त्या गाडीतल्या तिघांचा जीव गेला. पहिल्या दिवसापासून तो म्हणत होता, मी ब्रेक दाबत होतो. कुणी विश्वास ठेवला नाही. खटल्यात त्याच्या स्वतःच्या वकिलानेही त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर असावा असंच मांडलं. आठ वर्षांची शिक्षा झाली. टोयोटाच्या इतर गाड्यांच्या बातम्या यायला लागल्यावर लोकांनी हे प्रकरण पुन्हा उकरलं, पुरावे पुन्हा तपासले गेले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो सुटला. २०१५ मध्ये दिवाणी खटल्यात ज्यूरीने ६० टक्के जबाबदारी कंपनीवर टाकली. या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नव्हतंच, साधी केबल होती. म्हणजे सगळा देश सॉफ्टवेअरबद्दल भांडत असताना इथे दोष साध्या यांत्रिक भागात निघाला.

या सगळ्यातून मला एकच दिसतं. आधीच मत ठरवून तपास केला की तो हमखास चुकतो, मग मत चालकाच्या बाजूचं असो की कंपनीच्या. टीव्हीवाल्यांनी ट्रान्समिशनला भोक पाडलं तेव्हा ते चुकले. मिनेसोटातल्या तपासाने गाडीकडे पुरतं पाहिलंच नाही तेव्हा तो चुकला. उत्तर गाडीतल्या नोंदींत असतं. बहुतेक आधुनिक गाड्यांच्या एअरबॅगच्या यंत्रणेत अपघाताआधीच्या काही सेकंदांची नोंद राहते. वेग किती, ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेक लागला की नाही. अमेरिकेत या नोंदींचं प्रमाण आणि स्वरूप नियमाने ठरलेलं आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. पण नोंद असणं आणि ती आपल्याला वाचता येणं यात फार अंतर असतं. २०१०च्या सुरुवातीला टोयोटाच्या गाड्यांमधली ही नोंद वाचू शकणारा लॅपटॉप अख्ख्या अमेरिकेत एकच होता, तोही कंपनीच्या ताब्यात. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हातात पुराव्याची किल्ली!

टोकियोतल्या इकेबुकुरोत एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याच्या गाडीने सायकलवरची एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांचा जीव घेतला. गाडीत बिघाड होता, असं तो न्यायालयात सांगत राहिला. गाडीच्या नोंदीत ॲक्सिलरेटर दाबलेला होता, ब्रेक नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. चालकाची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे प्रकरण नीट पाहायला हवं. बायको-मुलगी गमावलेल्या त्या नवऱ्याला ‘गाडीनेच केलं’ हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. त्याच्यासाठीही नोंद हाच न्याय होता. दक्षिण कोरियात जुलै २०२४ मध्ये सेऊलच्या सिटी हॉलजवळ गाडी पदपथावर घुसून नऊ जण गेले, तेव्हाही चालकाने हाच दावा केला होता. त्याच्या उजव्या बुटाच्या तळव्यावर ॲक्सिलरेटरच्या पेडलचा ठसा सापडला.

‘यंत्राकडेही बघा’ म्हटलं की बेदरकार माणसाला पळवाट मिळते, हा आक्षेप मला मान्य नाही तो यामुळेच. नोंद असेल तर पळवाट बंद होते. नोंद नसेल तर प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस यांच्या तोंडी एकच वाक्य असतं आणि त्यांत फरक करायचं काही साधन उरत नाही.

आणि जपान शिक्षा करून थांबला नाही. उभ्या गाडीसमोर भिंत किंवा गाडी असताना कुणी ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर गाडीने तो हुकूम मानायचाच नाही, अशी यंत्रणा तिथे सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींना सक्तीची होणार आहे. ज्या देशात पाय चुकल्याचं न्यायालयात सिद्ध झालं, त्याच देशाने ठरवलं की पुढचा पाय चुकला तरी माणूस मरता कामा नये.

आता आपल्याकडे या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची इलेक्ट्रिक बस सुटली. १२ मीटर लांबीची ती बस माणसं, रिक्षा, गाड्या चिरडत गेली. नऊ जणांचा जीव गेला, ४० हून अधिक जखमी झाले. चालकावर सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. ब्रेक चालू स्थितीत होते, असं आरटीओच्या तपासणीत निघाल्याच्या बातम्या आल्या. चालकाचं म्हणणं होतं की यंत्रात बिघाड झाला. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल, त्या माणसाच्या अपराधाबद्दल मी इथे काही बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते बाकीच्यांबद्दल.

हा चालक आधी क्लचच्या छोट्या बस चालवत होता आणि मोठ्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बसवर त्याला मोजक्या दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, असं तेव्हा समोर आलं. इलेक्ट्रिक गाडीत पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर मिळू शकतो, इंजिनाचा आवाज चढत नाही, त्यामुळे चूक कानाला कळत नाही. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाची मदत नाही. अशा बसवर गर्दीच्या वेळी कुर्ल्याच्या रस्त्यात माणूस बसवायचा निर्णय कुणाचा? बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, मार्ग बेस्टचा. ही साखळी एवढी लांब आहे की तिच्यातल्या प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, आणि कोठडीत गेला तो साखळीतला शेवटचा माणूस. त्याचा पाय चुकला असं उद्या सिद्ध झालं, तरी त्या पायाला त्या पेडलपाशी कुणी आणि किती तयारीने नेऊन ठेवलं, या प्रश्नाची तड लागायला हवी. आपल्या घरातलं माणूस त्या रस्त्यावर असतं तर आपण ‘चालक आत गेला’ एवढ्यावर समाधान मानलं असतं का?

आपल्या कायद्यात गोष्टी आहेत, नाही असं नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. पण हे चक्र फिरायला एकाच मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी जमाव्या लागतात. मामांची तक्रार त्या संख्येत गेली का? नाही. ती सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच ‘पाय चुकला’ या दोन शब्दांत मिटली. अशा किती मिटल्या असतील, आणि त्यांतल्या काहींत खरोखर मॅट अडकलेली, पेडल चिकटलेलं, सेन्सर बिघडलेला असेल, तर ते कळणार कुठून? २०१९च्याच ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दोषाबद्दल भरपाईचं प्रकरण आहे. तिथेही दोष ग्राहकाला दाखवून द्यावा लागतो, आणि दोष दाखवणारी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बंद असते.

म्हणून माझी मागणी पहिली ही की प्रत्येक नव्या मोटारीत आणि बसमध्ये अपघाताआधीच्या सेकंदांची नोंद सक्तीची हवी, ती गाडीच्या मालकाची मानली जावी आणि कंपनीवर अवलंबून न राहता ती वाचायचं साधन आरटीओकडे हवं. आज अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक येतो, ब्रेक दाबून बघतो आणि ब्रेक ठीक असल्याचं लिहितो. ब्रेक ठीक होते, एवढ्यावरून पाय कुठे होता हेही कळत नाही आणि गाडीने काय केलं हेही. पेडलांतलं अंतर, मॅट, चालकाच्या चपला, सीट किती पुढे, तो आधी कोणती गाडी चालवायचा, हे प्रश्न त्या अहवालात आले पाहिजेत. अंगठ्याची सैल चप्पल पेडलांत अडकते हे प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. अहवालात चपलेचा रकाना नाही. आणि क्लचवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्याला, मग तो बसचालक असो की ६८ वर्षांचे मामा, गाडी हाती देण्यापूर्वी एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवी. गाडी आवरत नाही असं वाटलं की पाय पूर्ण उचलायचा, गिअर न्यूट्रलला टाकायचा, मग ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा. हे सांगून कळत नाही, हाता-पायांत मुरवावं लागतं. मोकळ्या मैदानात एक सकाळ पुरते.

विम्याच्या फॉर्मवर ‘अपघाताचं कारण’ असा रकाना होता. मामांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि शेवटी लिहिलं, ‘पाय चुकला असावा.’ मामी म्हणाली, तुम्ही तर ब्रेकच दाबत होतात ना? मामा काही बोलले नाहीत.

त्यानंतर आठवड्याने मी त्यांच्या सहीने कंपनीला पत्र लिहिलं. त्या सकाळच्या अपघाताआधीच्या सेकंदांची नोंद गाडीत असेल तर तिची प्रत आम्हाला द्या, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांचे आकडे त्यात असू द्या. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आहे. पोच मामांनी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. उत्तर काहीही आलं, पाय चुकला असं जरी आलं, तरी ते मला वाचून दाखव, असं त्यांनी मला बजावून सांगितलं आहे.